पिकअपचे मागचे ड्रम ब्रेक: फट जपली तर ब्रेक जपले

पिकअपच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्यांना ड्रम, ही जोडी अनेकांना कंपनीची काटकसर वाटते. ड्रम स्वस्त पडतात हे खरंच आहे, पण कारण तेवढंच नाही. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचं निम्म्याहून अधिक काम पुढची चाकं करतात. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग तर इतका हलका असतो, की तिथे ब्रेक जोरात लागला तर चाकं जॅम होऊन गाडी आडवी फिरेल. माल भरल्यावर मात्र त्याच चाकांना नेटाने राबावं लागतं. म्हणून बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) किती दबलेत त्यानुसार तो मागे जाणारा ब्रेक ऑइलचा दाब कमी-जास्त करतो. पाटे वाढवून गाडी उंच केली आणि हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवला नाही, तर गाडी भरलेली असूनही त्याला ती रिकामीच भासते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

लुई रेनॉने १९०२ मध्ये आणलेल्या ड्रम ब्रेकची मूळ कल्पना आजही टिकून आहे. पॅडल दाबलं की व्हील सिलिंडरमधले दोन पिस्टन दोन बाजूंना सरकतात आणि कमानीसारखे दोन शू फिरत्या ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबले जातात. इथून पुढचं मला फार सुंदर वाटतं. यातल्या एका शूला ड्रमचं फिरणंच त्याच्या टेकूच्या दिशेने ओढतं. दाराखाली सरकवलेली पाचर दार ढकलावं तशी आणखी घट्ट बसते, तसा हा शू ड्रममध्ये रुततो. म्हणजे थांबवायला लागणारा काही जोर गाडीचा वेगच पुरवतो. दुसऱ्या शूला तेच घर्षण ड्रमपासून दूर लोटतं, त्यामुळे तो कमी काम करतो. रिव्हर्समध्ये दोघांच्या भूमिका बदलतात.

काही गाड्यांत दोन्ही शू खालून एकमेकांना जोडलेले असतात आणि पुढचा शू मागच्याला ढकलतो. तिथे मागच्या शूचं लायनिंग (ड्रमवर घासणारं अस्तर) लांब असतं, पुढच्याचं आखूड. बसवताना ही अदलाबदल फार वेळा होते, म्हणून एका वेळी एकच बाजू खोलावी आणि दुसरी नमुना म्हणून तशीच ठेवावी.

या रचनेचा कमकुवतपणा उष्णतेत आहे. लांब घाटात ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, त्यामुळे पॅडल खोल जातं. घाट उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवायची ती यासाठीच.

गार असतानाही पॅडल खोल जात असेल, तर बहुतेकदा दोष शू आणि ड्रम यांच्यातल्या फटीत असतो. ती मिलिमीटरच्या अंशाएवढीच हवी. लायनिंग झिजतं तशी ती वाढते आणि दातेरी चाकाचा ॲडजस्टर ती भरून काढतो. जोडलेल्या शूंच्या गाड्यांत हा ॲडजस्टर सहसा रिव्हर्समध्ये ब्रेक लावल्यावरच फिरतो. गंजून अडकला, की लोक मास्टर सिलिंडर (पॅडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा) बदलायला निघतात! आधी ड्रम काढून पाहा.

पुढच्या चाकांना ठोकळे, मागे पक्के स्टँड, हँडब्रेक सोडलेला. ड्रम निघत नसेल तर कडेला हातोडा मारू नका, बीड तडकतं. मागच्या पत्र्यावरच्या रबरी बुचाच्या भोकातून ॲडजस्टर सैल करा. ड्रमवर आटे असलेली दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट सारखेच आवळत जा, ड्रम आपोआप बाहेर येतो. आतली धूळ हवेने कधीही उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. आणि ड्रम बाहेर असताना पॅडलला कोणी हात-पाय लावू नये, पिस्टन निसटून पडतात.

व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलून पाहा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. शूवर दाट, उग्र वासाचं तेल असेल तर ॲक्सलचं सील गेलंय, आणि ते न बदलता घातलेले नवे शूही भिजणार. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. ड्रमवर आतल्या व्यासाची कमाल मर्यादा कोरलेली असते. ती मूळ मापापेक्षा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जास्त असते. ती ओलांडलेला ड्रम लेथवर नेण्यात अर्थ नाही.

जोडणीनंतर आधी ॲडजस्टर फिरवा: चाक हाताने फिरवताना शू किंचित घासल्याचा आवाज यावा, चाक अडू नये. हँडब्रेकच्या केबलला हात त्यानंतरच. वाढलेली फट झाकायला केबलच ताणली, तर आतला लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि ज्या गाड्यांत ॲडजस्टर हँडब्रेकवर चालतो तिथे तो काम करायचं थांबतो.