शौकाची नौका, गस्तीवरचा कान

पाणबुडीचा माग काढणाऱ्या बोटीला सगळ्यात जास्त त्रास देतं ते तिचं स्वतःचंच इंजिन. ही गोष्ट ‘सेल्ट’ नावाच्या बोटीच्या निमित्ताने छान समजते.

रेल्वे उद्योगातल्या एका धनिकाने 1902 मध्ये अमेरिकेतल्या विल्मिंग्टनला ही 57 मीटर लांबीची वाफेवरची यॉट, म्हणजे शौकाची नौका, बांधून घेतली. पुढे तिचं नाव ‘सॅकेम’ झालं. 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. नवी जहाजं बांधायला वेळ लागतो, म्हणून नौदलाने श्रीमंतांच्या यॉट गोळा केल्या. सॅकेमलाही एसपी-192 हा गस्ती क्रमांक मिळाला.

याच बोटीवर थॉमस एडिसन पाणबुडीविरोधी प्रयोग करायला राहिले. जवळजवळ बहिरा माणूस समुद्रात कान देऊन बसलाय, हे चित्रच गमतीशीर आहे! शत्रूची चाहूल आधी लागली आणि जहाज झटकन वळवता आलं, तर पाण्याखालून येणारं टॉर्पेडो हे अस्त्र चुकवता येईल, अशी त्यांची कल्पना. नौदलाने मात्र आपल्या सूचना कपाटात टाकल्या, ही तक्रार त्यांनी पुढे कायम केली.

त्या काळात ऐकायचं कसं, ते बघा. आवाज कुठून येतोय हे आपल्याला कळतं, कारण तो एका कानाला किंचित आधी पोचतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेच्या साडेचार पट. म्हणजे हा फरक तितकाच आक्रसतो. तो पुन्हा कानाच्या सवयीइतका व्हायचा, तर पाण्यातले दोन ‘कान’ साधारण मीटरभर लांब हवेत. म्हणून आडव्या नळीच्या दोन टोकांना रबरी फुगे लावून ती पाण्यात सोडत आणि दोन्ही कानांत आवाज सारखा येईपर्यंत फिरवत. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचीच ही थोरली बहीण. पण आपलं इंजिन चालू असलं की त्याच्या घरघरीपुढे काही ऐकू येईना. ऐकायचं तर थांबायचं, आणि थांबलेली बोट म्हणजे आयतं लक्ष्य.

पुढे ‘सोनार’ हे ध्वनियंत्र आलं. ते स्वतःच आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. प्रतिध्वनी एका सेकंदाने परत आला, तर वस्तू साडेसातशे मीटरवर.

1942 मध्ये जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यालगत जहाजं बुडवत होत्या. नौदलाने हीच बोट पुन्हा ताब्यात घेतली. नाव ठेवलं ‘फेनाकाइट’. अशा यॉटना रत्नांची नावं देत. या रत्नाच्या नावाचा ग्रीक अर्थ ‘फसवणारा’, कारण ते स्फटिकासारखं दिसतं.

गस्तीच्या अशा बोटींना डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब, वापरताना स्वतःचाही जीव सांभाळावा लागे. मार्क 6 प्रकारात सुमारे 136 किलो टीएनटी हे स्फोटक असे आणि तो सेकंदाला जेमतेम अडीच मीटर बुडे. 30 मीटर खोलीवर फुटायला 12 सेकंद. 12 नॉट (ताशी सुमारे 22 किलोमीटर) वेगाची बोट तेवढ्यात 75 मीटर पुढे जाते. खोली 15 मीटर ठेवली, तर हे अंतर निम्मं होतं आणि हादरा थेट आपल्याच तळाला.

फेनाकाइटने अमेरिकेच्या फ्लोरिडा कीज बेटांजवळ गस्त घातली, सोनारच्या चाचण्यांतही काम केलं. युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांना फिरवलं. आता तिचा गंजलेला सांगाडा अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ओहायो नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात रुतून बसलाय.