हायपलॉनची डिंगी म्हणजे जन्माची सोय? नाही!

लांबच्या सागरभ्रमंतीला निघणाऱ्यांना डिंगीबद्दल, म्हणजे मोठ्या बोटीसोबतच्या हवा भरून फुगवायच्या छोट्या होडीबद्दल, हमखास मिळणारा सल्ला: पीव्हीसीची डिंगी कॅरिबियनच्या उन्हात चिकट होते, हायपलॉनची (कृत्रिम रबराचा लेप दिलेल्या कापडाची) कायम टिकते.

पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. उन्हाने पीव्हीसीला मऊ ठेवणारं रसायन बाहेर झिरपतं. कापड आधी चिकटतं, मग ताठरतं. दुसरं मात्र अर्धवट. हायपलॉनचं कापड ऊन सोसतं, पण सांधे गोंदाने जोडलेले असतात आणि अनेकदा गोंदच आधी दगा देतो. चांगल्या पीव्हीसीचे सांधे उष्णतेने एकजीव केलेले असतात. शिवाय ड्युपाँ कंपनीने हायपलॉन बनवणं २०१० मध्येच थांबवलं. आज त्या नावाने मिळतं ते इतरांनी बनवलेलं तशाच जातीचं कापड.

म्हणून विकत घेताना इंजिन बसतं त्या मागच्या फळीपाशी सांध्याची कड नखाने उचलून पाहा. उचलली गेली, तर ती डिंगी सोडा.

ठिगळाचा गोंद दोन्हींचा वेगळा, दोन घटकांचा. हायपलॉन आधी सँडपेपरने खरवडायचं, ठिगळ फाटीच्या चहूबाजूंनी ५ सेंमी मोठं ठेवायचं आणि २४ तास हवा भरायची नाही. दमट हवेत लावलेलं ठिगळ सुटतं.

दोन्हींचं आयुष्य खरं वाढवतं ते डिंगीच्या हवा भरलेल्या नळ्यांवरचं कापडी आच्छादन. पहाटे टच्च भरलेली हवा दुपारी थोडी सोडा. तापून फुगलेली हवा नळ्यांचे कप्पे वेगळे ठेवणारे आतले पडदे फाडते.