बखरीतील हिंसाचित्रण

मराठी बखरींत वध, लढाई, शिरच्छेद हे प्रसंग नाटकातल्या प्रवेशासारखे रचलेले आढळतात. बखर पुष्कळदा कुणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाई, आणि तिच्या वाक्यांना सांगणाऱ्याचा सूर असे. समोर ऐकणारा आहे हे धरूनच बखरकार प्रसंग उभा करतो.

याचा ठळक नमुना कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून ती १६९४च्या सुमारास जिंजीत लिहिली गेली. तीत अफजलखानाच्या वधाआधी (१० नोव्हेंबर १६५९) शिवाजी महाराजांचा वकील पंताजी गोपीनाथ व खानाचा वकील कृष्णाजी भास्कर यांच्या खेपा आहेत, भवानीचा दृष्टान्त आहे, भेटीची शृंगारलेली सदर आहे, खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याला दूर करण्यावरची घासाघीस आहे. प्रत्यक्ष झटापट थोडक्यात उरकते: खान मुंडी खाकेत धरतो, जमदाड (कट्यार) चालवतो, वाघनख आणि बिचवा पोटात जातात. मग पालखीच्या भोयांचे पाय तोडून संभाजी कावजी खानाचे शिर आणतो. थरार रक्तात कमी, आधीच्या ताणात जास्त. याच प्रसंगावर अज्ञानदासाचा पोवाडाही आहे.

पानिपतच्या मोहिमेवरची ‘भाऊसाहेबांची बखर’ संवादावर भर देते. दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर (जानेवारी १७६०) जखमी मराठा सरदार दत्ताजी शिंद्याला शत्रूपक्षाचा कुतुबशहा विचारतो, आणखी लढणार का? उत्तर सर्वश्रुत आहे: ‘बचेंगे तो और भी लडेंगे’. कथन मराठीत, पण मरणाच्या क्षणीचे बोलणे हिंदुस्थानीत. पात्राच्या तोंडी त्या जागेची भाषा घालण्याची ही जाण नाटककाराची आहे. भोवती शत्रूच असताना हे शब्द मराठ्यांपर्यंत कोणी पोचवले, ही शंका रास्तच. तरी मराठी माणसाच्या लक्षात दत्ताजी राहिला तो या वाक्याने.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाचे (३० ऑगस्ट १७७३) पुढे असेच झाले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ करणारा ‘ध’चा ‘मा’, एवढ्यात लोकांनी सारे कारस्थान बसवले. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) हा विषय खऱ्याखुऱ्या रंगभूमीवर नेला, तेव्हा नाट्य बरेचसे तयारच होते.

वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात (१८९८) पानिपतकाळची अस्सल पत्रे छापली आणि बखरींच्या विश्वसनीयतेवर कडक टीका केली. पुराव्यापुरती ती बरोबरच. पण लोकांना काय ऐकायचे होते हे बखरीच सांगतात. पत्रांतला सदाशिवराव भाऊ उत्तरेतला मराठ्यांचा मामलेदार गोविंदपंत बुंदेला याच्याकडे पैशाचा तगादा लावतो, अब्दालीची रसद तोडायला सांगतो. पानिपतावर फौज आधी उपासमारीने खचली, तलवार नंतर चालली. त्या उपासमारीला मात्र दत्ताजीच्या उत्तरासारखे एकही वाक्य मिळाले नाही.