अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानात इमर्जन्सी डिस्पॅचर: अर्ज नेमका कुठे अडतो

आधी हे सांगते, म्हणजे निम्म्या लोकांचा वेळ वाचेल. ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची नोकरी आहे आणि त्यासाठी अमेरिकी नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड चालत नाही, एच-वन-बी तर नाहीच. 'व्हिसाचं आम्ही बघतो' म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला दारातूनच वाटेला लावा.

मग पुण्यात बसून हे कुणी वाचायचं? बाणेर-औंध-कोथरूडच्या त्या मुलामुलींनी, ज्यांचा जन्म आईबाबा तिकडे नोकरीला असताना झाला आणि जी बालवाडीच्या आतच इकडे परतली. पासपोर्ट अमेरिकेचा, दहावी-बारावी इथली, सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्टवर भारतात राहू देणारं.

काम काय, तर उद्यानाच्या कंट्रोल रूममध्ये बसून 911 या तिकडच्या आपत्कालीन नंबरचे कॉल घ्यायचे, रेडिओवरून रेंजर, रुग्णवाहिका, शोधपथकं पाठवायची आणि कोण कुठे आहे याची नोंद ठेवायची. एकटं यलोस्टोन जवळपास 9,000 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त, आणि बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही. रात्रपाळी आणि सणावाराची ड्युटी धरूनच चाला.

अर्ज यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर करायचा. खातं उघडणं, पासपोर्टची माहिती भरणं यात कुणी अडत नाही. मुलगे अडतात ते सिलेक्टिव्ह सर्व्हिसला. अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाने अठराव्या वर्षी लष्करी भरतीच्या यादीत नाव नोंदवायचं असतं. परदेशात राहत असला तरी, दुहेरी नागरिक असला तरी. वयाची सव्वीस वर्षं पूर्ण झाली की ही नोंदणी बंद, आणि ती नसेल तर केंद्र सरकारची नोकरीही बंद. इथे वाढलेल्या मुलाला हे सांगणार कोण? माझ्यासमोर बसलेल्या एका आईने तर 'आम्ही कुठे सैन्यात पाठवतोय त्याला' म्हणून फाइलच मिटली होती. अजून सव्विशीच्या आत असाल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच नाव नोंदवा. वय उलटलं असेल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून 'स्टेटस इन्फर्मेशन लेटर', म्हणजे नोंदणीबाबत आपली स्थिती सांगणारं पत्र मागवा. त्यासोबत, आपण जाणूनबुजून टाळलं नाही हे कागदांनी दाखवावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या पासपोर्टवरचे शिक्के, कॉलेजचं बोनाफाईड, सगळं काढा. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. पत्र यायला वेळ लागतो, म्हणून जाहिरात निघायची वाट बघू नका.

दुसरी अडचण रेझ्युमेची. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ पाच-सहा पानी रेझ्युमे लिहायला सांगतात. सप्टेंबर 2025 च्या अखेरीपासून मर्यादा दोन पानांची आहे. त्या दोन पानांत प्रत्येक नोकरीचा महिना-वर्ष आणि आठवड्याचे तास हवेत. परवा एकाने मला दाखवलेल्या रेझ्युमेत एवढंच होतं: 'कॉल सेंटर, 2021-2022'. हे दोन वर्षांचं काम, की डिसेंबर आणि जानेवारी? तपासणारा आपल्या बाजूने अंदाज बांधत नाही. शिवाय हा मुलगा रुग्णवाहिकेच्या हेल्पलाइनवर रात्रपाळीला बसून गाड्या पाठवायचा आणि लिहिलं होतं 'कस्टमर सपोर्ट'! पगारी असो वा बिनपगारी, भारतातला अनुभवही धरतात, पण तो कागदावर दिसला पाहिजे.

पदवीचं तसंच. जिथे अनुभवाऐवजी शिक्षण धरतात तिथे पुणे विद्यापीठाची गुणपत्रिका नुसती अपलोड करून भागत नाही, मान्यताप्राप्त संस्थेकडून समकक्षता मूल्यांकन करून घ्यावं लागतं. तीन वर्षांच्या बी.कॉम.ला काही संस्था अमेरिकी पदवीच्या बरोबरीचं मानत नाहीत. पैसे भरायच्या आधी हे विचारून घ्या. काही जाहिरातींत मिनिटाला 40 शब्द टायपिंगही मागतात.

आता तारीख. मुदत संपते रात्री 11:59 ला, पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे 9:29 वाजलेले असतात, त्यांच्या हिवाळी वेळेत 10:29. म्हणून 'तारीख गेली' म्हणत रात्री बारालाच हार मानू नका. उलट, काही जाहिरातींत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक इतके अर्ज आले की त्याच दिवशी खिडकी बंद. अशी जाहिरात दोन दिवसांतही मिटते, मग छापलेल्या शेवटच्या तारखेला काही अर्थ उरत नाही.

आणि यूएसएजॉब्सवर रेझ्युमे जोडला म्हणजे अर्ज झाला असं नाही. तिथून पुढे भरती करणाऱ्या खात्याच्या पानावर जाऊन प्रश्नावली भरायची आणि तिथलं सबमिट दाबायचं. बरेच जण पहिल्याच पानावर निश्चिंत होतात आणि महिनाभर मेलची वाट बघतात. यूएसएजॉब्सवरच्या आपल्या खात्यात अर्जापुढे 'रिसीव्ह्ड' दिसेपर्यंत लॅपटॉप मिटू नका.