‘फाउची इफेक्ट’ची लाट खरंच होती का?

कोविड आला, टीव्हीवर रोज अमेरिकी सरकारचे तेव्हाचे संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची दिसू लागले आणि अमेरिकेतली तरुण पोरं झपाटून साथरोग संशोधनाकडे वळली, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. याला ‘फाउची इफेक्ट’ असं नावही पडलं. गोष्ट छान आहे, पण अर्धीच.

अर्ज वाढल्याचा आकडा खोटा नाही. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या 2020च्या प्रवेशासाठी 53,030 अर्जदार होते, 2021साठी 62,443. पण 2022ला ते 55,188वर आले आणि 2023ला 52,577वर. म्हणजे साथीच्या आधीपेक्षाही थोडे कमी!

शिवाय टीव्ही बघून कुणी चार महिन्यांत अर्ज भरू शकत नाही. आधी कॉलेजात जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र. मग एमकॅट, म्हणजे तिथली मेडिकल प्रवेशाची, एरवी ब्रेक धरून साडेसात तासांची परीक्षा (2020च्या उन्हाळ्यात ती पावणेसहा तासांवर आणली होती). त्या वर्षी अर्ज करणाऱ्या बहुतेकांची तयारी वुहानचं नाव ऐकण्याआधीच सुरू झालेली. साथीने त्यांना काय दिलं? बहुधा मोकळा वेळ, आणि ऑनलाइन मुलाखतींमुळे वाचलेलं विमानाचं भाडं.

आणि मुळात हे आकडे डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांचे. सार्वजनिक आरोग्याची वाट वेगळी, तिथे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करायला एमबीबीएस लागतंच असं नाही, आपल्याकडेही नाही. त्या अभ्यासक्रमांचे अर्जही कोविडात वाढले होते, हे खरं. पण एमपीएचचा अर्ज म्हणजे संशोधनातलं करिअर नव्हे. त्यासाठी पुढे बहुतेकदा पीएचडी लागते, आणि साथ ओसरल्यावरही टिकणारा निधी.