जास्वंदीवरचा कापूस

शेंड्याला कापूस लागला, पानं मुडपली, कळ्या न उमलताच गळू लागल्या, की औषध शोधण्याआधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा. हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यापायी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. पाणी भरलेल्या ताटात विटा ठेवून त्यावर कुंडी ठेवा. एक फांदी जरी भिंतीला टेकली तरी सगळी मेहनत वाया. ताटातलं पाणी दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

फार लागलेले शेंडे छाटून पिशवीत घट्ट बांधून टाका. उरलेल्या झाडाला पाण्याचा जोरदार फवारा द्या, बेचक्यांत जास्त. मग १ लिटर कोमट पाण्यात भांड्यांचं सौम्य लिक्विड २ मिली ढवळा आणि त्यात कडुनिंबाचं तेल ५ मिली घाला. आधी साबणच, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतं. बेळगावच्या थंडीत हे तेल थिजतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवा. धुण्याची पावडर नको, पानांच्या कडा करपतात. एका पानावर मारून एक दिवस थांबा, मगच संध्याकाळी सगळ्या झाडावर, पानांच्या खालूनही मारा. द्रावण त्याच दिवशी संपवा.

एकदा मारून भागत नाही. कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी असतात, तिथवर द्रावण पोचत नाही. बाहेर आलेल्या पिल्लांवर मात्र अजून हे कापसासारखं मेण नसतं. त्यांना गाठायला सात-सात दिवसांनी तीनदा फवारायचं.

निपाणीचा तंबाखू हाताशी आहे म्हणून त्याचा काढा मुळीच मारू नका. निकोटिन कातडीतून अंगात भिनतं, आणि ते मधमाश्यांनाही मारतं.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पानांवर बारीक पिवळे ठिपके पडले तर पान पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती कोळी नावाची बारीक कीड आहे. रोज पानांची खालची बाजू धुतली की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

फवारण्याआधी कापसाकडे नीट बघाच. पिठ्या जेमतेम हलतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी, अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या असलेली अळी तुरुतुरु चालताना दिसली, तर ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची. पिठ्या हेच तिचं अन्न. हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून १८९८ साली भारतात आणला गेला. ती दिसली की बाटली खाली ठेवा.