रक्कम पोहोचली, पण खात्यात दिसत नाही: प्राप्तकर्त्याचा पत्ता देण्यापूर्वी

आर्बिट्रम या इथेरियमवर आधारलेल्या नेटवर्कवरील इथर (इथेरियमचे क्रिप्टो चलन) आमच्या पुलावरून, म्हणजे ब्रिज सेवेने, मुख्य इथेरियमवर नेणाऱ्या ग्राहकांकडून एकच विचारणा वारंवार येते: व्यवहार पूर्ण झाल्याचे दिसते, मात्र एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचाच्या) खात्यात रक्कम जमा झालेली नाही. अशा वेळी रक्कम बहुधा गहाळ झालेली नसते. ती दिलेल्या पत्त्यावरच पोहोचलेली असते आणि खोळंबा तिथून पुढे होतो.

आर्बिट्रमच्या अधिकृत मार्गाने रक्कम काढल्यास हरकतीच्या मुदतीमुळे (चुकीच्या नोंदीवर आक्षेप घेण्यासाठी राखलेल्या काळामुळे) सुमारे ७ दिवस थांबावे लागते. आमच्या मार्गात लिक्विडिटी प्रोव्हायडर (आधी स्वतःची रक्कम पुरवणारा) स्वतःजवळचे इथर इथेरियमवर काही मिनिटांत देतो, आणि तुम्ही आर्बिट्रमवरील स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (ठरलेल्या अटींनुसार आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठेवलेली रक्कम, त्याने भरणा केल्याचे सिद्ध झाल्यानंतरच, त्याला मिळते. थांबण्याचा भार तो उचलतो आणि शुल्काचा मोठा भाग त्याचाच मोबदला असतो. त्याने मुदतीत भरणा केला नाही, तर ज्या पत्त्यावरून रक्कम निघाली त्याच पत्त्यावर कॉन्ट्रॅक्ट ती परत करते. तुमची चावी (पत्त्यावरील रक्कम हलवण्याचा गुप्त कोड) किंवा रक्कम आमच्या ताब्यात कधीच येत नाही.

वेळ वाया घालवणारी चूक म्हणजे प्राप्तकर्ता म्हणून एक्स्चेंजचा डिपॉझिट ॲड्रेस (रक्कम जमा करण्यासाठी एक्स्चेंजने दिलेला पत्ता) देणे. प्रोव्हायडरचा भरणा कॉन्ट्रॅक्टमार्फत येतो, आणि कॉन्ट्रॅक्टमधून आलेल्या इथरची नोंद काही एक्स्चेंज आपोआप घेत नाहीत. टोकनच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: आर्बिट्रमवर मूळ यूएसडीसी (डॉलरशी जोडलेले टोकन) आणि पुलावरून आलेले यूएसडीसी ही दोन वेगळी टोकन आहेत, आणि एक्स्चेंज त्यांपैकी एकच स्वीकारत असेल तर दुसरे तिथे अडकून पडते. त्या पत्त्याची चावी एक्स्चेंजकडे असल्यामुळे आमची कितीही इच्छा असली तरी आम्हाला काहीच करता येत नाही.

म्हणून रक्कम आधी स्वतःच्या वॉलेटवर घ्यावी आणि तिथून नेहमीच्या व्यवहाराने एक्स्चेंजवर पाठवावी. यात गॅसचा (नेटवर्कला इथरमध्ये द्यायच्या व्यवहार शुल्काचा) थोडा जादा खर्च होतो, हे खरे आहे. टोकन नेत असाल तर त्यासाठी पोहोचण्याच्या नेटवर्कवर थोडे इथर आधीच ठेवावे लागते. पत्ता स्वतःचाच असल्याची खात्री करून घेणारा आमचा जादा टप्पा काही ग्राहकांना कंटाळवाणा वाटतो, पण तो आम्ही काढणार नाही. मल्टिसिग वॉलेट (व्यवहाराला अनेकांच्या सह्या लागणारे वॉलेट) वापरणाऱ्यांनी तर तिथे अवश्य थांबावे, कारण एका नेटवर्कवरचे असे वॉलेट दुसऱ्या नेटवर्कवर त्याच पत्त्यावर असेलच असे नाही. २०२२ मध्ये ऑप्टिमिझम या दुसऱ्या नेटवर्कचे २ कोटी ओपी टोकन त्या नेटवर्कवर अस्तित्वात नसलेल्या मल्टिसिगच्या पत्त्यावर गेले आणि दुसऱ्याच कोणीतरी तिथे ते वॉलेट आधी उभारून टोकन ताब्यात घेतले.

पहिल्यांदाच व्यवहार करत असाल तर छोटी रक्कम पाठवून पाहावी. त्यासाठीच आम्ही किमान मर्यादा कमी ठेवली आहे. शंका असल्यास निघालेल्या व्यवहाराचा हॅश (व्यवहाराचा ओळख क्रमांक) तेवढा आम्हाला पाठवावा, त्यावरून भरणा कुठवर पोहोचला ते आम्ही सांगू. तुमचा १२ किंवा २४ शब्दांचा सीड फ्रेज (वॉलेट उघडणारा गुप्त शब्दसमूह) आम्ही कधीही मागत नाही.